टाकीवरचा काळा दोरा

जबाब
दि. ७ मार्च २०२५, शुक्रवार. सुरुवात सकाळी ११.४० वाजता.

मी अर्जुनराव धोंडिराम बिरादार, वय ५७ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, राहणार डांगे चौकाजवळ, थेरगाव, मूळ गाव तालुका औसा, जिल्हा लातूर. पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी आलो असून, तपासी अंमलदार मॅडम यांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो ते येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी पत्नी मंजुळाबाई हिच्यासह राहतो. चाकण येथे श्री. सुरेंद्र पाटणकर यांच्या गाळ्यात बावीस वर्षांपासून कामाला असून सध्या टाक्यांच्या विभागाचा सुपरवायझर आहे. येत्या जूनअखेर मी निवृत्त होणार आहे. माझ्या हातून आजवर एकही लॉट परत आलेला नाही, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

आमच्या गाळ्यात मॅग्नेशियमच्या ओतीव भागांवर संरक्षक थर आणि रंग चढवतात. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलके असते, पण त्याचे नखरे फार. उघडे ठेवले तर दमट हवेने त्यावर पांढरी भुकटी सुटते आणि भाग आतून खाल्ला जातो. म्हणून भाग आधी धुतात, मग अ‍ॅसिडच्या टाकीत अर्धा मिनिट बुडवून त्याची कातडी साफ करतात, मग दुसऱ्या टाकीत वीज लावून त्यावर कडक थर आणतात. त्या थरात रंग मुरवतात आणि शेवटी गरम पाण्यात तो बंद करतात. यात अ‍ॅसिडची टाकी महत्त्वाची. तिथे चूक झाली की ती पुढच्या कोणत्याही टाकीत झाकली जात नाही.

सध्या आमच्याकडे दुर्बिणीच्या दोनशे चाळीस बॉडींचे काम होते. टंकलेखन करणाऱ्या हवालदारांनी या शब्दावर मान वर केली म्हणून खुलासा करतो की, दुर्बिणीच्या सांगाड्याला आम्ही बॉडी म्हणतो. रंग मेहंदी द्यायचा होता. या रंगाचा पहिलाच मोठा लॉट असल्याने तपासणीला ग्राहकाची माणसे येणार होती.

माझी तक्रार आमच्याकडील केमिस्ट दिपाली खैरनार, वय अंदाजे २५, मूळ राहणार सटाणा, हिच्याविरुद्ध आहे. ती २ डिसेंबरपासून कामावर आहे. आल्या आल्या तिने टाक्यांवर पाट्या लावल्या. हातमोज्याशिवाय बॉडीला हात लावू नये. टाकीच्या वर काहीही टांगू नये. टाकीजवळ उदबत्ती, हळद, फुले आणू नयेत. मी बावीस वर्षे ज्या टाकीला दसऱ्याला हार घातला त्या टाकीपासून मला चार हात लांब राहायला सांगणारी ही पोरगी, तिला अजून अ‍ॅसिडचा वाससुद्धा सोसत नाही. मला तिचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

ती कायम वहीत काहीतरी लिहीत असते. मला बघून वही मिटते. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या बसच्या थांब्याकडे जाऊन फोनवर बोलते. कोणाशी बोलते असे मी एकदा विचारले तर "घरी, काका" एवढेच म्हणाली. घरी बोलायला थांब्यापर्यंत कशाला जायचे, हे मला पटले नाही. त्याच दिवशी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

१६ जानेवारी रोजी घासकामाच्या टेबलाखाली साठलेल्या मॅग्नेशियमच्या चुऱ्याने पेट घेतला. आग पाच मिनिटांत विझली. त्या वेळी कोणीतरी पाण्याची बादली आणण्यास सांगितले होते. कोणी सांगितले ते मला आठवत नाही. खैरनार हिने वाळू टाकली. ती येऊन दीड महिना होतो न होतो तोच आग लागली, याआधी कधी लागली नव्हती, एवढे मी ध्यानात ठेवले.

ही हकिगत मी घरी सांगितली. माझी पत्नी म्हणाली, "नजर लागली बघा गाळ्याला. कायतरी बांधा वर." त्यावरून शनिवार दि. १८ जानेवारी रोजी काम सुटताना मी अ‍ॅसिडच्या टाकीच्या वर, धूर ओढणाऱ्या पत्र्याच्या छत्रीला हूक आहे, त्याला काळा सुती दोरा बांधला. पाटीचे मला माहीत होते. पण पाटी केमिस्टची होती आणि टाकी माझी होती.

पुढच्या शनिवारी पाहतो तो दोरा नाही. मी दुसरा बांधला. तोही आठवड्यात गेला. असे ओळीने सहा दोरे गेले. पाटी कोणी लावली हे उघड असल्याने दोरे कोण काढते हे वेगळे विचारण्याची मला गरज वाटली नाही. तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवले. ती कधी येते, कोणत्या टाकीजवळ किती वेळ उभी राहते, हे मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आहे. ती पाने सोबत आणली असून हजर करतो.

शनिवार दि. १ मार्च रोजी दुपारी साडेतीन वाजता मी सातवा दोरा बांधला आणि नेहमीप्रमाणे धूर ओढणारा पंखा, दिवे व मुख्य बटण बंद करून निघालो. रविवारी गाळा बंद असतो. किल्ली माझ्याकडे एक आणि प्रयोगशाळेचे दार गाळ्यातूनच असल्याने खैरनार हिच्याकडे एक, अशा दोनच आहेत.

सोमवार दि. ३ मार्च रोजी सकाळी सात वाजता येऊन पाहिले तर दोरा पुन्हा गायब, हुकाला गाठ तेवढी उरलेली. या वेळी मी तिला सर्वांसमोर विचारले. ती म्हणाली, "काका, मी हात नाही लावला. मी आत्ता येतेय." मी म्हणालो, "मग काय उंदरानं नेला?" यावर टाकीवरचा कामगार बुद्धरत्न सोनकांबळे हसला. ती हसली नाही. तिचा चेहरा पडला होता, यावरून मी काय ते समजलो.

सव्वानऊच्या सुमारास ती अ‍ॅसिडच्या टाकीजवळ वाकून उभी होती. तिच्या हातात एक बाटली होती. मी गेलो तेव्हा तिने बाटली पाठीमागे घेतली नाही हे खरे, पण झाकण घाईने लावले. बाटलीत निळसर पाणी होते. ती मला म्हणाली, "काका, टाकीच्या पाण्यावर निळी झाक दिसतेय. लॉट थांबवा. मी तपासून सांगते." तोवर जेमतेम दहा बॉडी बुडवल्या होत्या आणि एकावरही डाग नव्हता. मग डाग पडायच्या आधीच हिला कसे कळले? मी सोनकांबळे यास म्हणालो, "चालू दे रे बुद्धरत्न, पाणी निळंच असतंय." त्याप्रमाणे सोमवारी व मंगळवारी मिळून दोनशे चाळीस बॉडी पूर्ण झाल्या.

मंगळवारी त्यांतील सहा बॉडी मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवल्या. रंग आणि थर किती टिकतो हे त्यावरून कळते. बुधवारी सकाळी पेटी उघडली तर सहाही बॉडींवर काळे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरी भुकटी होती. उरलेल्या बॉडी उजेडात धरल्या तेव्हा मेहंदी रंगाखालीही तेच बारीक ठिपके दिसले. लॉट गेला. ग्राहकाची माणसे आली, चहा न घेता परत गेली. बावीस वर्षांत मला एवढे लाजिरवाणे वाटले नव्हते.

बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल गुरुवारी आला. अ‍ॅसिडच्या टाकीत तांबे सापडले. अ‍ॅसिडमध्ये तांबे विरघळलेले असले की ते मॅग्नेशियमवर जाऊन बसते, आणि जिथे बसते तिथून मॅग्नेशियम सडायला लागते. हे आमच्या धंद्यात सर्वांना माहीत आहे. आमच्या गाळ्यात तांब्याचे काम होत नाही. तांबे आकाशातून पडत नाही. कोणीतरी टाकल्याशिवाय ते टाकीत जात नाही.

खैरनार हिच्या वडिलांची सटाण्याला द्राक्षबाग आहे. बागेवर मोरचूद फवारतात. मोरचूद म्हणजे तांबेच, आणि त्याचे पाणी निळे होते. ती २२ फेब्रुवारीला गावी गेली होती, २४ तारखेला परत आली. येताना तिने सर्वांसाठी द्राक्षे आणली. मी खाल्ली नाहीत. त्या पिशवीत आणखी काय आले असेल याची चौकशी व्हावी.

मालक श्री. पाटणकर यांनी काल मला बोलावून सांगितले की, "अर्जुनराव, तिला टाकीजवळ बाटलीसकट पाहणारे तुम्ही एकटेच. तुमच्या जबाबावर गुन्हा उभा राहील, नाहीतर नाही." मी जे पाहिले ते सांगितले आहे. खैरनार हिला कामावरून बंद केले असून आज सकाळी दहापासून तिला येथे बोलावून ठेवले आहे, ती बाहेर बाकावर बसली आहे. सबब तिच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी. तसेच दोऱ्यासोबतची माझी वस्तू तिने नेली असल्याने ती मला परत मिळावी.

वस्तू कोणती, असे मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, सातवा दोरा साधा नव्हता. सहा दोरे गेल्यावर माझी पत्नी म्हणाली होती, "दोरा काय, कोनी बी तोडतंय. त्याला तांब्याचं कडं बांधा. बाईमानसाच्या हातातल्या कड्याला हात लावाया मानूस कचरतंय." असे म्हणून तिने हातातले तांब्याचे कडे काढून दिले. सांधे धरतात म्हणून ती बारा-तेरा वर्षे ते घालत होती. वापरून बारीक झाले होते. ते मी सातव्या दोऱ्यात ओवून बांधले. दोऱ्यासोबत कडेही गेले. म्हणजे हे नुकसान आणि चोरी, दोन्ही झाले.

मॅडमनी विचारले, "कडं कशाचं होतं म्हणालात?"

मी सांगितले, तांब्याचे.

मॅडमनी विचारले, "टाकीपासून किती उंचीवर होतं?"

मी सांगितले, बरोबर टाकीच्या मधोमध, दोन अडीच हात वर. कडेला बांधून उपयोग नसतो.

मॅडमनी काल गाळ्यात केलेल्या पंचनाम्याची फाईल उघडून प्लॅस्टिकचे एक पाकीट माझ्यासमोर ठेवले. छत्रीच्या हुकाला गाठीसह राहिलेला दोऱ्याचा तुकडा, लांबी अंदाजे चार बोटे, असे त्यावर लिहिलेले होते. "हा तुमचाच का? कशानं कापलाय ते सांगा. कात्री, ब्लेड, काय?" असे त्यांनी विचारले. मी पाकीट खिडकीजवळ नेऊन पाहिले. गाठ माझ्याच हातची आहे. मी दोन वेढ्यांची गाठ मारतो.

मी प्यायला पाणी मागितले. जबाब दुपारी १२.५५ वाजता थांबवला व १.२० वाजता पुढे सुरू केला.

विचारल्यावरून सांगतो की, पाकिटातील दोरा माझा आहे. तो कापलेला नाही. कात्रीने कापलेल्या दोऱ्याचे टोक काळेच राहते. या दोऱ्याचे खालचे टोक पिवळे पडून त्याचा भुगा झाला आहे. अ‍ॅसिडच्या वाफेने सुताचे असेच होते. माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या बाह्यांना अशीच पिवळी भोके आहेत, आज अंगात घातलेल्या सदऱ्यालाही आहेत, मॅडमना दाखवली. मंजुळाबाई बावीस वर्षे तीच ठिगळे लावत आली आहे. हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

आधीचे सहा दोरेही कोणी काढले नव्हते. ते वाफेने झडले आणि टाकीत पडून विरले. सुताने टाकीचे काही बिघडले नाही म्हणून कोणाला कळले नाही. सातव्याला कडे होते. शनिवारी दुपारी धूर ओढणारा पंखा मी स्वतः बंद केला, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपासूनच वाफ वर साठत गेली. दोरा कड्याच्या वजनाने तुटला आणि कडे सरळ खाली टाकीत गेले. त्या अ‍ॅसिडमध्ये बारीक तांबे दीड दिवसात विरघळते. खाली काही उरत नाही, फक्त पाण्याला निळी झाक येते.

खैरनार हिच्या बाटलीतले पाणी टाकीतूनच भरून घेतलेले होते. ते ती तपासणार होती. तिला आधी कळले कारण तिने टाकीत पाहिले. मी वर हुकाकडे पाहत होतो.

मॅडमनी खैरनार हिची वही मला दाखवली, जी मला पाहून ती मिटत असे. सोमवार ३ मार्चच्या पानावर सकाळी ९.२० वाजता अशी नोंद आहे: टाकीत निळी झाक, लॉट थांबवण्यास सांगितले, सुपरवायझर नाही म्हणाले. त्याआधीची पानेही मी चाळली. जानेवारीच्या एका पानावर लिहिले आहे: छत्रीला दोरा आहे, काकांना परत सांगायला हवे, पण सगळ्यांसमोर नको. ती वही का मिटत असे, ते मला या पानावरून कळले.

कडे आता कुठे आहे, असे मॅडमनी विचारले. कडे परत मिळणार नाही. ते दोनशे चाळीस बॉडींवर आहे.

मॅडमनी विचारले की, जबाबाचा वरचा भाग काढून नव्याने लिहून घ्यायचा का, संगणकावर आहे, दोन मिनिटांचे काम आहे. मी नको म्हणालो. वरचे तसेच राहू द्यावे आणि त्याखाली हे यावे. मी मोरचुदाचे बोललो, द्राक्षांचे बोललो, ते मीच बोललो आहे. फक्त एक दुरुस्ती करावी. १६ जानेवारी रोजी पाण्याची बादली आणायला कोणी सांगितले ते आठवत नाही, असे मी वर लिहून दिले आहे. ते मला आठवते. मी सांगितले होते. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडले असते तर भडका छतापर्यंत गेला असता. सोनकांबळे बादली घेऊन धावत होता. खैरनार हिने ती हाताने ढकलून दिली आणि वाळू ओतली. त्यात तिचे उजवे मनगट भाजले, त्याची खूण अजून आहे. त्या दिवशी मी तिला बरे वाटते का असे विचारलेसुद्धा नाही. घरी जाऊन नजरेचे बोललो.

मालकांना हा जबाब आवडणार नाही. जूननंतरही मला सल्लागार म्हणून ठेवू, असे ते म्हणाले होते, आता ठेवणार नाहीत. ते मी त्यांना स्वतः जाऊन सांगेन. लॉटचे नुकसान माझ्या हातून झाले आहे. मंजुळाबाईचा यात काही दोष नाही, तिने मी जे सांगितले त्यावर विश्वास ठेवून हातातले काढून दिले. तिला येथे बोलावू नये अशी विनंती आहे.

माझी दिपाली खैरनार यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. आजपर्यंत मी त्यांना एकदाही नावाने हाक मारलेली नाही.

जबाब संपल्यावर तो वाचून दाखवण्याची पद्धत आहे, असे मॅडमनी सांगितले. मी विनंती केली की, खोलीचे दार उघडून, बाहेर बाकावर ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात, पहिल्या ओळीपासून सगळा वाचावा. मोरचुदाचे आणि द्राक्षांचेही गाळू नये. त्याप्रमाणे दार उघडून हवालदारांनी तो वाचला. मी उभा राहून ऐकला. वाचन संपल्यावर मॅडमनी विचारले, "बरोबर आहे का?" मी बाकाच्या दिशेने पाहून बरोबर आहे असे सांगितले व खाली सही केली.

वेळ दुपारी २.०५.
सही: अ. धों. बिरादार